प्रेमावतीच्या गाड्यावरचा कटलेट-पाव

गोवा आमच्या घरापासून दोन-अडीच तासांवर. सकाळी चहा पिऊन एसटीत बसलं तर जेवणाच्या आत माणूस पेडण्यात. तरी साठी उलटेपर्यंत मी गोव्यात पाऊल टाकलं नव्हतं. आता जाऊन आले, तर आमच्या वाचनालयातल्या बायकांनी भंडावून सोडलंय. बाई, समुद्र कसा होता? बाई, चर्च बघितलंत का? एकदाच सांगून टाकते. समुद्र मी पाहिला नाही. चर्च बसच्या खिडकीतून दिसलं, तेही अर्धं. मी तीन दिवस पाव खाल्ले. ज्यांना समुद्राची माहिती हवी असेल त्यांनी इथेच थांबावं, उगाच मागाहून तक्रार नको.

पाव खायला कोणी गोव्याला जातं का? मी गेले. मला एका बाईला बघायचं होतं.

त्याचं असं झालं. आमचे हे वीस वर्षं गोव्यात डिचोलीच्या खाणींवर टिपर, म्हणजे खनिजाचे ट्रक, चालवायला होते. कुडाळकडचे आमच्या वाडीतले निम्मे पुरुष तेव्हा खाणीवरच. गणपती पोचवले की जायचे आणि पावसाच्या तोंडावर खाण बंद झाली की जूनमध्ये परत यायचे. मी इकडे बालवाडीची बाई. घरात सासू-सासरे, दोन मुलं आणि एक मारकी म्हैस. मला कुठे हलायला फुरसत?

जूनमध्ये हे घरी आले की मी हौसेने काही ना काही करायची. दोन घास खाऊन ह्यांचं वाक्य ठरलेलं. “बरां झालां गे. पण प्रेमावतीचो कटलेट-पाव म्हणजे...” आणि मग डोळे छपराकडे.

प्रेमावती म्हणजे खाणीच्या तिठ्यावर, टिपरांची रांग लागायची तिथे गाडा लावणारी बाई. नाव तरी बघा! मंजुळा, द्रौपदी असं काही असतं तर मी एवढं मनावर घेतलं नसतं. मी काय काय नाही केलं त्या पावासाठी? कोंबडीचे पातळ काप करून रव्यात घोळवले. दालचिनी घातली, आलं वाढवलं, आलं कमी केलं, चिंच घातली, कोकम घातलं. कुडाळच्या बाजारातून मऊ पाव आणले. हे खायचे आणि म्हणायचे, “बरो आसा. पण तेच्यात काय तरी वेगळां असायचा. तो खाल्लो काय घरची याद येयची.”

ऐकलंत? घरी बसून जेवताना ह्यांना आठवण परक्या बाईच्या पावाची, आणि त्या बाईचा पाव खाताना आठवण घराची. अशा माणसाला नेमकं कुठे बसवून जेवायला घालावं?

खाणी बंद पडल्या आणि हे कायमचे घरी आले. मला वाटलं, आता तरी विसरतील. कसले विसरतात! गेल्या दिवाळीत मी फराळाचं ताट पुढ्यात ठेवलं, तर माझ्या जावेसमोर हे म्हणतात, “चकली कुरकुरीत आसा, पण कटलेटाची कुरकुर वेगळीच.” मी झारा खाली ठेवला. म्हटलं, “चला. दाखवा मला ती प्रेमावती. तिचा पाव माझ्यापेक्षा खरंच चांगला निघाला, तर चारचौघांत तिच्या तोंडावर तसं सांगेन. नाही निघाला, तर ह्या घरात तिचं नाव पुन्हा निघता कामा नये.”

“ठरला,” हे म्हणाले. जाऊबाई साक्षीदार. पैज लागली.

पत्रादेवीहून पेडण्यात

निघताना मी भाकऱ्या घेतल्या आणि चटणीचा डबा घेतला. चटणी नेहमीचीच. सुकं खोबरं, लसूण, मिरची आणि त्यात चार तिरफळं. तिरफळं आमच्याकडे बांगड्याच्या आमटीत पडतात, चटणीत कोणी घालत नाही. पण माझी आई घालायची, म्हणून मी घालते. डबाही तोच जुना, स्टीलचा, झाकणावर ‘सौ. सुलभा’ असं कोरलेलं. वीस वर्षं दर सप्टेंबरात मी हाच डबा पाट्यावर वाटलेल्या चटणीने गच्च भरून ह्यांच्या पिशवीत घालायची.

आणि एक गोष्ट मान्य केली पाहिजे. जूनमध्ये तो डबा परत यायचा तो लख्ख घासलेला, आणि कधीही रिकामा नाही. आल्याच्या गुळात घोळवलेल्या खाज्यांनी भरलेला. ह्या माणसाने आयुष्यात दुसरं एकही भांडं घासलेलं माझ्या पाहण्यात नाही, पण तो डबा घासायचे. मी कौतुकाने शेजारपाजारी दाखवायची.

तर पत्रादेवीला गोव्याच्या हद्दीत उतरलो, एका झाडाखाली बसलो आणि मी डबा काढला. हे एकदम आडवे. “डबो बंद कर! तीन दिवस घरचा काय तोंडात घालूचंय नाय. जिभेक समजाक व्हया, ती गोव्यात आयली ती.”

“आणि मी?”

“तू पण. पैज म्हणजे पैज. घरच्या चटणीची चव तोंडात ठेवन तू तिच्या पावाक नावा ठेवतलंस.”

मी डबा पिशवीच्या तळाशी घातला. भाकरी मात्र सोडली नाही, कोरडीच चावली. भांडण तीन दिवस पुरवायचं होतं, पहिल्याच सकाळी कशाला संपवा?

धारगळला बस बदलायची होती. हमरस्ता केवढा तरी रुंद, दोन्ही बाजूंना नवी बांधकामं, मध्येच भाताचे तुकडे. पलीकडे मोप्याच्या सड्यावर विमानतळ झाल्यापासून विमानं अशी खालून जातात की वाळत घातलेले कपडे आत घ्यावेत की काय असं वाटतं. थांब्याच्या बाजूला निळ्या ताडपत्रीत गुंडाळून दोरीने करकचून बांधलेला एक गाडा होता. मी त्याला टेकून उभी राहिले, चपलेतला खडा काढला आणि बस आल्यावर निघाले. हा गाडा लक्षात ठेवा. मी ठेवला नव्हता.

पेडण्याच्या बाजारात एका हॉटेलात शिरलो. हॉटेल म्हणजे चार बाकं आणि एक काचेचं कपाट. मालक पन्नाशीचा, खांद्यावर पंचा. त्याने विचारलं, “पातळ, सुकी काय मिक्स?” मला वाटलं, माझ्या तब्येतीची चौकशी चाललीये. हे म्हणाले, “दोन मिक्स, चार उंडे.” उंडे म्हणजे बाहेरून कडक, आतून पोकळ असे गोल पाव. समोर नारळाच्या वाटपातली वाटाण्याची पातळ भाजी आली आणि तिच्यात मध्येच सुक्या बटाट्याचं बेट.

मी उंडा फोडला, चमच्याने भाजी आत भरली आणि दोन्ही हातांनी दाबून चावा घेतला. सगळा रस कोपरापर्यंत. शेजारच्या बाकावरची माणसं खायची थांबली. मालक पंचा घेऊन धावत आला.

“बाये, पातळ भाजी पावात भरूची न्हय. पाव भाजीत जावचो, भाजी पावात न्हय.”

“मग पावात काय भरायचं?”

“भरूक जाय? रव मगे.” म्हणजे थांब. त्याने कपाटातून बोटभर लांबीची मिरचीची भजी काढली, उंडा मधोमध चिरला, मिरची आडवी निजवली, वरून सुक्या भाजीचा एक थर आणि पाव मिटला. “हें खा.”

मी खाल्लं. डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून आलं, पण हात काही थांबेना. पावाचं कवच कडकड मोडतं, मग बटाटा मऊ लागतो आणि मग मिरची एकदम गाठते. मी आणखी एक मागितला. हे माझ्याकडे बघत गालात हसत होते. मी म्हटलं, “हसू नका. हा प्रेमावतीचा नाही.”

रात्री देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, खोली मिळाली. सकाळी सहाला पों-पों असा आवाज आला. मी दचकून बाहेर. सायकलच्या मागे भली मोठी टोपली, तीवर निळं प्लास्टिक, आणि पोदेर, म्हणजे पाववाला, दारोदार उभा. कोणाला उंडे, कोणाला कोंड्यात लोळवलेली चपटी पोई, कोणाला बांगडीसारखं कडक कांकण. काही फाटकांवर नुसत्या पिशव्या टांगलेल्या. पोदेर विचारत नाही, मोजून घालतो आणि पुढे जातो. एका दारात त्याने चार उंडे जास्त घातले. मी विचारलं, तर म्हणाला, “तांगेर पावणे आयल्यात.”

आमच्याकडे पाव घरात येतो तो कोणी तापाने पडलं की. चहात बुडवून भरवायचा, आणि शेजारीण विचारते, कोण आजारी? इथे पाव आला नाही, तर शेजारीण काळजीत पडत असेल. मी पोईचा एक घास तोंडात टाकला आणि पोदेराच्या त्या बिनविचारल्या हिशेबाचं मनातल्या मनात कौतुक केलं. ते पुढे कामाला आलं.

डिचोलीत

डिचोलीत पोचलो तेव्हा ऊन माथ्यावर. ह्यांची चाल अशी बदललेली की साठ-पासष्टीचा माणूस पंचविशीतल्यासारखा पुढे आणि मी मागून पिशवी सांभाळत. मी पदर नीट केला, चेहरा पुसला. मनात दोन-तीन वाक्यं घोकून ठेवली होती, टोचतील पण अपमान होणार नाही अशी.

तिठा आला. हे थांबले. तिथे काही नव्हतं.

एक आंब्याचं झाड होतं, त्याखाली गाड्याच्या चाकांनी पडलेल्या दोन खळग्यांत पालापाचोळा. पलीकडे सहा-सात टिपर ओळीने उभे, गंजलेले, एकाच्या खिडकीतून वेल आत शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर आलेला. हे सांगायचे ती लाल धूळ कुठेच नाही, झाडं हिरवीगार. मी म्हटलं, “छान आहे की हो.” हे त्या खळग्यांपाशी जाऊन उभे राहिले.

“हयसून थय पावत टिपरांची लाईन रवायची,” हे म्हणाले. “गाडी बंद करून सगळे हयसर. ती येकटी बाई आणि आमी भुकेले दांडगे.”

जवळच्या एका हॉटेलात चौकशी करावी म्हणून गेलो, तर दार अर्धं लावलेलं. दीड वाजला होता. मी कडी वाजवली. आतून झोपाळू आवाज आला, “चारांक येयात!” पुढचं हॉटेलही बंद. औषधाचं दुकान बंद. एक कुत्रा होता, तोही उठला नाही. दुपारी अख्खा गाव झोपतो आणि त्याची कोणाला लाजही वाटत नाही. आमच्याकडे दुपारी आडवी झाले तर सासूबाई भांडी आपटायच्या.

पोटात कावळे ओरडत होते. पिशवीत चटणी होती, भाकरीचा एक तुकडाही होता. मी हात घातला मात्र, हे म्हणाले, “डबो नको.” मग एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. बराच वेळ गेला आणि हे जमिनीकडे बघत म्हणाले, “चल, परत जावया. पैज तू जिंकलंस. ती काय आता भेटूची नाय. तिचा नाव काढूचंय नाय मी.”

मला हेच हवं होतं ना? एवढी वर्षं वाट पाहिली होती ह्या शब्दांची. आणि आता ते आयते पदरात पडले, तर मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. हा माणूस तिथे बसलेला, चेहरा असा की गंजलेल्या त्या टिपरांच्या ओळीत ह्यालाही उभा केला असता तर खपला असता. अशा माणसाला हरवून मी काय ओवाळून घेणार होते? मी म्हटलं, “मी न खाता जिंकणार नाही. उठा.”

“खंय?”

ते मलाही ठाऊक नव्हतं. पण तेवढ्यात वळणावरून पों-पों आलं. चार वाजले होते, संध्याकाळचा पोदेर निघाला होता, मोटारसायकलवर. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कटलेट विकणारी बाई हवेतून पाव काढते काय? पाव तिला पोदेरच देणार. आणि पोदेराला तर कोणाकडे पाहुणे आले तेही कळतं!

मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. त्याने कचकन ब्रेक मारला, टोपली हलली, दोन उंडे रस्त्यावर पडले. “बाये, मरपाक आयलां?” तो ओरडला. तरणाबांड, आंतोन नाव. मी त्याला आधी ते दोन उंडे उचलून दिले आणि मग विचारलं.

“प्रेमावतीबाय?” त्याचा चेहरा निवळला. “म्हजो बापूय तिका सांजेचे शंबर उंडे दितालो. खाणी बंद पडल्यो, ती धुवेगेर गेली. धारगळां. थंय हायवेचेर गाडो घालता. म्हजो चुलतभाव दिता तिका उंडे.”

“लेकीकडे, धारगळला? आता किती घेते?”

“चाळीस.”

शंभराचे चाळीस. माझं तिच्याशी वैर होतं, तरी मला ते टोचलं. आणि मग दुसरं काही आठवलं.

“गाड्यावर ताडपत्री असते का? निळी?”

“व्हय मगो. पांच मेरेन बांदून आसता.”

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे माझ्याकडे. काल सकाळी मी त्या गाड्याला टेकून चपलेतला खडा काढला होता!

त्या संध्याकाळी हॉटेलं जागी झाल्यावर डिचोलीच्या बाजारात आम्ही रस-ऑम्लेट खाल्लं. कोंबडीच्या झणझणीत रश्शात बुडवलेलं ऑम्लेट, वर कांदा, लिंबू आणि सोबत पाव. ह्या वेळी मी शहाण्यासारखी पाव बुडवून खाल्ला. हे शीळ घालत होते. माणसाला एवढं सुख एका पत्त्याने होत असेल, तर मी पत्ते वाटत फिरले असते.

धारगळला

तिसऱ्या दिवशी मी इरकली नेसले. प्रवासात इरकली कशाला, असं हे विचारतील म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं, पण ह्यांचं लक्षच नव्हतं. हे तीन वाजल्यापासून थांब्यावर बसून त्या निळ्या ताडपत्रीकडे टक लावून. डोक्यावरून विमानं जात होती.

पाचला एक बाई आली. माझ्या डोळ्यांसमोर एवढी वर्षं जी प्रेमावती होती ती उंच होती, केसांत अबोलीचा वळेसर होता, आणि ती हसत-हसत पाव द्यायची. ही बुटकी, चष्मा लावलेली, फुलाफुलांच्या गाऊनवर खांद्याला टॉवेल, आणि गुडघा दुखत असल्यामुळे एका बाजूला कलून चालणारी. तिने दोरी सोडली, ताडपत्रीची घडी घातली, तवा ठेवला. माझी इरकली एकदम जड वाटायला लागली.

हे पुढे झाले. घसा खाकरला. “दोन. कांदो नको.”

घरी ह्यांना कांद्याशिवाय घास उतरत नाही, ते सोडा. पण ते तीन शब्द ऐकून तिचा हात थांबला. तिने चष्मा वर केला, ह्यांच्या टकलाकडे बघितलं, मग तोंडाकडे.

“कुडाळचो भाऊ न्हय रे तू? केस खंय गेले तुजे?”

मग जे बोलणं सुरू झालं ते विचारू नका. कोण कुठे आहे, कोण गेला, कोणी टिपर विकून रिक्षा घेतली. मी बाजूला उभी. शेवटी हे म्हणाले, “ही आमची बायको,” तेव्हा तिने बाक पुसला. “बस गो बाये.” एवढं बोलून ती कामाला लागली. रव्यात घोळवलेले कोंबडीचे काप तव्यावर पडले, चर्र झालं. उंडा चिरला, आत कोबी, त्यावर लाल चटणीचं बोट, त्यावर कटलेट.

हे अधीर. मी ह्यांच्या तोंडाकडे बघत. ह्यांनी चावा घेतला. चावला. पुन्हा चावला. आणि चेहरा उतरला.

“काय झालं?”

“तसो नाय लागणा,” हे हळूच म्हणाले, पण तिने ऐकलं.

मी माझा पाव खाल्ला. कटलेट सुरेख होतं, कवच पातळ आणि आत मांस रसदार, मला जन्मात जमलं नव्हतं तसं. पण चटणी बेताची. मी ओळखलं, मी जिंकले. तोंड उघडणार, इतक्यात प्रेमावतीने झारा ठेवला आणि ह्यांच्याकडे वळली.

“कसो लागतलो तसो? ती चटणी खंय आसा? दरवर्सा डब्यांतसून हाडटालो ती?”

“कसली चटणी?” मी विचारलं.

हे विमानाकडे बघायला लागले. ते विमान जणू ह्यांनाच उतरवायचं होतं.

“चवथ जाली काय सगळे डायवर गांवसून आमकां कितें ना कितें हाडटाले,” प्रेमावती मला समजावून सांगत होती, बिचारी. “कोण कोकम, कोण कुळीथ. हो भाऊ चटणीचो डबो हाडटालो. हांव ती कटलेटाक लायताली. ती लायल्याबगर येक डायवर पाव घेय नासलो. दिवाळेमेरेन डबो सोपतालो. मागीर हांव म्हजी करताली, तर सगळे म्हणटाले, ही ती न्हय.”

मला कळायला जरा वेळ लागला. मग कळलं ते डोक्यात तिडीक घेऊनच.

“माझा डबा? मी पाट्यावर हात दुखेपर्यंत वाटून दिलेली चटणी तुम्ही इथे सगळ्या टिपरवाल्यांना वाटलीत? वीस वर्षं?”

“अगो, रिवाज होतो तो,” हे विमानालाच सांगत होते. “येकट्यान डबो उघडून खाऊक बरा दिसता? आणि थोडी माकाय गावायची मां, पावातसून...”

“आणि डबा घासून आणायचात तो?”

“डबो हांव घासताली,” प्रेमावती म्हणाली. “दुसऱ्याचो डबो रितो कसो धाडटलो? म्हूण खाजें घालताली. आवडटालें मगो तुका?”

म्हणजे खाजंसुद्धा तिचं! ज्या एका गोष्टीवरून मी ह्या माणसाचं वाडीभर कौतुक केलं, तीही त्याची नव्हती. मी इतकी चिडले होते की हसू फुटलं. आणि फुटलं ते थांबेना. प्रेमावती आधी घाबरली, मग माझ्याकडे सरकून हळूच म्हणाली, “बाये, येक सांग. तूं कितें घालताली गो तातूंत? हांवें लसूण बदल्ली, खोबरें बदल्लें, मिरसांग बदल्ली. कितलींशींच वर्सां करतां, तशी जायना.”

इकडे मी आलं वाढवत होते, आलं कमी करत होते. तिकडे ही लसूण बदलत होती. आणि मधल्या मध्ये हा माणूस दोन्हीकडे पोट भरून दोन्हीकडे हळहळत होता!

“तिरफळं,” मी म्हटलं. “चार.”

तिने कपाळावर हात मारला. “तिरफळां? बांगड्याक घालतां तीं? आगे देवा!”

मी पिशवीच्या तळातून डबा काढला. तिने झाकणावरून बोट फिरवलं, जसं कोणी घरच्या देवाच्या भांड्यावरून फिरवावं, आणि चष्म्यातून माझ्याकडे बघितलं. “सुलभा गो तूं! दर वर्सा घासतना वाचताली हांव तुजें नांव.”

एवढी वर्षं मी तिचं नाव ऐकून जळत होते, आणि ती माझं नाव राखेने घासून लख्ख करत होती.

तिने दुसरं कटलेट टाकलं. उंडा चिरला. चटणी मी लावली, माझ्या हाताने, कडेपर्यंत. हे भीत-भीत जवळ आले. एक चावा घेतला आणि डोळे मिटले. दोन पोरं मोटारसायकल थांबवून उभी होती, तीही बघत राहिली.

“हो!” हे म्हणाले. “हो तोच!”

अर्धा मी खाल्ला. पैज म्हणजे पैज. चारचौघांत, म्हणजे ती दोन पोरं आणि आम्ही तिघं, मी उभी राहून मोठ्याने म्हटलं, “प्रेमावती, तुझा पाव माझ्या पावापेक्षा चांगला आहे.” खोटं नव्हतं ते. माझ्या चुलीवर असं कधी झालं नाही.

“अर्दो तुजोच,” ती म्हणाली, आणि डबा उचलून आपल्या कपाटात ठेवून दिला. “आतां हो हांव रितो दिवची ना.”

मी ह्यांच्याकडे वळले. एक हिशेब राहिला होता. “काय हो, झालं समाधान? आली घरची आठवण?”

हे तोंडातला घास गिळून माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, “आता कशी येतली? तू हयसरच बसलंस मां.”

मी पदराने तोंड पुसलं आणि प्रेमावतीला म्हटलं, “आणखी एक टाक गो. ह्यांना नको. मला.”